‘आम्ही काय सांगणार?’ : सोलापुरात युद्धकाळाच्या आठवणी नोंदवायला निघताना

सोलापुरात ऐंशी-पंच्याऐंशीच्या कुणाही माणसाला युद्धाच्या दिवसांबद्दल विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं : ‘आम्ही काय सांगणार? आम्ही काय लढाईवर गेलो होतो होय?’ नवीन माणूस इथेच माघारी फिरतो. मीही फिरले होते. भवानी पेठेतल्या एका आजोबांकडे गेले, त्यांनी हेच वाक्य म्हटलं, मी चहा घेतला आणि निघाले. दोन वर्षांनी ते गेले. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांच्या मुलीनं सहज सांगितलं, की १९४८ साली त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात नळदुर्गाकडून आलेली सतरा माणसं तीन महिने राहत होती. आजोबा तेव्हा बारा वर्षांचे. पाण्याची रांग, रात्री झोपायची जागा, कोण रडायचं, कोण भांडायचं, सगळं त्यांना ठाऊक होतं. मी लढाईबद्दल विचारलं, म्हणून त्यांनी लढाईबद्दल उत्तर दिलं.

त्या एका वाक्यापाशी न अडता पुढे कसं जायचं, हे मी इथे लिहिते आहे. तुमच्याकडे एक मोबाइल, एक वही आणि वडीलधाऱ्यांजवळ बसायला वेळ असेल, तर बाकीचं शिकता येतं.

आधी सोलापुरात युद्ध कसं आलं ते समजून घ्या

आज जी माणसं हयात आहेत त्यांच्या आयुष्यात सोलापूर शहर रणांगण झालं नाही. युद्ध इथे रेशनच्या रांगेतून आलं, पोस्टमनच्या पिशवीतून आलं, रेडिओतून आलं आणि सरहद्द ओलांडून आलेल्या बैलगाड्यांतून आलं. त्यामुळे कुणाकडे जाण्याआधी किमान एवढ्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

दुसरं महायुद्ध १९३९ ते १९४५. धान्य, रॉकेल, साखर आणि कापड यांची टंचाई झाली, सुट्टे पैसे मिळेनासे झाले. कापड गिरण्यांना लष्करी मालाचं काम आलं आणि सोलापूर तर गिरण्यांचंच गाव. एक बारीक गोष्ट लक्षात असू द्या : १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशभरातली घड्याळं एक तास पुढे केलेली होती. त्यामुळे त्या काळातला माणूस ‘भोंगा सहाला व्हायचा, पण उजेड पाचचा असायचा’ असं काही म्हणाला तर तो चुकत नाही. उलट त्याच्या आठवणीला तो पुरावाच आहे.

सोलापुरापुरतं सगळ्यांत मोठं पान १९४८ चं. तेव्हा नळदुर्ग, तुळजापूर, उमरगा हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि सोलापूर जिल्हा त्याच्या हद्दीला लागून. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, दहशतीमुळे तिकडची कुटुंबं अलीकडे येत होती. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागली, त्याच दिवशी नळदुर्ग घेतलं आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. इथले लोक याला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात, काही घरांत नुसतं ‘ॲक्शन’. ॲक्शननंतर मराठवाड्यात मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले, माणसं मारली गेली. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती चौकशीला पाठवली होती. हेही त्याच पानावर लिहा, कारण सोलापुरात दोन्ही बाजूंनी आलेली घरं आहेत. कधी कधी ती एकाच गल्लीत आहेत.

पुढची पानं भराभर उलटा. १९६२ : २० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर, चीनशी युद्ध, संरक्षण निधीला बायकांनी दिलेलं सोनं, यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले ते दिवस. जानेवारी १९६३ : सुवर्ण नियंत्रण, चौदा कॅरटची सक्ती, सोनारांचे धंदे बसले. १९६५ : ऑगस्ट-सप्टेंबर, शास्त्रीजींनी सोमवारचं एक जेवण सोडायला सांगितलं. १९७१ : ३ ते १६ डिसेंबर. १९९९ : कारगिल.

कुणाकडे जायचं

नवीन माणूस थेट माजी सैनिकांकडे जातो. जावं, पण तिथेच थांबू नये. सैनिकांच्या आठवणी निदान मेळाव्यांत, सत्कारांत कुणीतरी ऐकून घेतं. त्याच सैनिकाच्या बायकोला, आईला, धाकट्या भावाला आजवर कुणी काही विचारलेलं नसतं.

माझी यादी अशी असते : गिरणीत काम केलेले कामगार आणि त्यांच्या बायका. विडी वळणाऱ्या आज्या. तार किंवा टपाल वाटलेले पोस्टमन. रेल्वेत काम केलेले लोक, कारण फौजा आणि माल त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला. रेशन दुकानदार. सोनार. शाळामास्तर, ज्यांनी मुलांकडून निधी गोळा केला. शहराच्या पूर्व भागातली तेलुगू विणकर घरं, कारण त्यांतल्या बऱ्याच जणांचं गाव आणि सोयरिक निजामाच्या राज्यात होती आणि ॲक्शनच्या दिवसांत कुटुंब दोन्हीकडे विभागलेलं होतं. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, बार्शी या तालुक्यांतली हद्दीवरची गावं.

वयाचा हिशेब मनात असू द्या. १९४८ साली आठ वर्षांचं असलेलं मूल आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. १९७१ साली पंधराची असलेली मुलगी सत्तरीला पोचली आहे. त्यामुळे आधी १९४८ वाल्यांकडे जा. १९७१ वाले अजून काही वर्षं भेटतील.

ओळख काढायला सोलापुरात फार कष्ट नाहीत. नातवाला गाठा. ‘आमची आजी काय की सांगत असती बघा’ असं म्हणणारा नातू हे सगळ्यांत चांगलं दार आहे.

पहिली भेट रेकॉर्डरशिवाय

पहिल्या दिवशी मोबाइल पिशवीतून काढू नका. नुसतं बसा. तुम्ही कोण, कुठल्या पेठेतले, आडनाव काय, माहेर कुठलं, हे सगळं आधी त्यांना विचारू द्या, ते विचारणारच. तेलुगू घरात आजीला ‘अव्वा’ म्हणा, मुसलमान घरात ‘दादी’ किंवा ‘चाचा’, लिंगायत घरात ‘अज्जी’, ‘अप्पा’. घरातले लोक काय हाक मारतात ते ऐका आणि तीच हाक मारा. ‘अहो-जाहो’ कधी सोडू नका, त्यांनी तुम्हाला ‘अगं’ म्हटलं तरी.

या भेटीत तीन गोष्टी साधायच्या. एक, त्यांना कुठल्या भाषेत बोलायला सोपं जातं. सोलापूरचा माणूस बाजारात मराठी बोलतो आणि रडतो मात्र तेलुगूत किंवा कन्नडात. तुम्हाला ती भाषा येत नसेल तर घरातलीच सून किंवा नात शेजारी बसवा, पण मुलाखत त्यांच्याच भाषेत होऊ द्या. दोन, त्यांना कुठल्या वेळी बरं वाटतं. बहुतेक म्हातारी माणसं सकाळी नऊ ते अकरा ताजी असतात. विडी वळणाऱ्या आज्यांना मात्र दुपारी मांडीवर सूप घेऊन बसल्यावरच बोलायला येतं, हात चालू असले की तोंड मोकळं होतं. विड्या वळू द्या, कात्रीचा आवाज आला तरी चालतो. तीन, घरातलं कोण मध्ये बोलतं. प्रत्येक घरात एक मुलगा असतो जो ‘तसं नव्हतं ओ बाबा’ म्हणून दुरुस्त करत राहतो. त्याची मुलाखत वेगळ्या दिवशी घेऊ असं सांगा आणि खरोखर घ्या.

रेकॉर्डिंगची तयारी

महागडं यंत्र लागत नाही. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन वेळी बँकेचा फोन येतो. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये जाऊन सर्वांत वरचा दर्जा निवडा. डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी फाइल) मिळत असेल तर तेच घ्या. स्टिरिओत तासाला सुमारे ६०० एमबी लागतात, म्हणून आदल्या रात्री जागा मोकळी करा. दोन मोबाइल असतील तर दोन्ही चालू ठेवा.

मोबाइल बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर हवा. स्टीलच्या टेबलावर किंवा फरशीवर ठेवला तर पेला सरकवल्याचा आवाजसुद्धा हातोड्यासारखा येतो. खाली घडी घातलेली चादर ठेवा, ती सोलापुरात कुठल्या घरात नाही? पंखा हा आपला मोठा शत्रू. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करायला सांगणं हा अत्याचार आहे, म्हणून शक्यतो दिवाळी ते शिवरात्र एवढ्या काळात मुलाखती उरकाव्यात. पूर्व भागात शेजारी यंत्रमाग चालू असतो. मागाला सुट्टी कुठल्या वारी असते ते विचारून तोच दिवस धरा.

सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, ठिकाण, बोलणाऱ्याचं नाव (त्यांची हरकत नसेल तर), भाषा आणि तुमचं नाव बोला. मग दोन मिनिटं ‘आज काय खाल्लं’ वगैरे बोला, थांबवा, ऐकून बघा. हे ऐकून बघणं मी एकदा टाळलं आणि दीड तासाच्या शेवटी कळलं की बोट चुकून भलत्याच बटणावर पडलं होतं. त्या बाईंनी पुन्हा सांगितलं, पण दुसऱ्यांदा सांगताना माणूस उरकतो.

एका बैठकीला तास, फार तर दीड तास. त्याच्या पुढे त्यांचा घसा आणि तुमचं लक्ष दोन्ही जातं.

प्रश्न

सगळ्यांत जास्त वेळ यावर द्या. ‘युद्धाच्या काळात काय परिस्थिती होती?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर वर्तमानपत्रातलं येतं. माणूस ऐकलेलं, वाचलेलं, सिनेमात पाहिलेलं सांगायला लागतो. ‘तुम्हाला कसं वाटलं?’ हाही सुरुवातीला नको. आपल्या आधीच्या पिढीला वाटण्याबद्दल बोलायची सवय नाही, ती माणसं कामांबद्दल आणि वस्तूंबद्दल बोलतात. वाटणं त्यातच असतं.

साखर पेठेतल्या एका आजींचं उदाहरण देते. त्या १९४८ ला नऊ वर्षांच्या होत्या, नळदुर्गापलीकडच्या एका खेड्यातून रातोरात इकडे आलेल्या. अर्धा तास मला एवढंच मिळालं : ‘रझाकारांचा लई तरास होता, मग आम्ही आलो.’ हे एक वाक्य मी दहा घरांत ऐकलं होतं. मग विचारलं, ‘घरातून निघताना काय काय घेतलं होतं, आज्जी?’

त्या जरा थांबल्या. मग बोटं मोडत सांगायला लागल्या. तांब्याची घागर, त्यात जोंधळे, वर फडकं बांधलेलं. आईची दोन लुगडी. देव्हाऱ्यातले टाक, ते आजीच्या कमरेला. जातं घेता आलं नाही, म्हणून आई जात्यावर हात फिरवून आली. वडिलांनी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून गोणपाटात गुंडाळल्या, आवाज नको म्हणून. गाडीच्या चाकाला तेल घातलं. आणि मग त्या म्हणाल्या, ‘कुत्रं मागं आलं.’ ओढ्यापर्यंत कुत्रं गाडीच्या मागे चालत आलं. ते भुंकलं तर सगळेच सापडणार. वडील खाली उतरले आणि त्याला दगड मारायला लागले. ‘त्यानं आमच्या बापाला कधी दगड मारताना बघितलंच नव्हतं. ते खेळ समजून परत परत आणून दिऊलालतं दगड.’

सत्तरहून जास्त वर्षं झाली होती. आजी रडल्या त्या इथे, रझाकारांच्या नावावर नाही.

म्हणून प्रश्न वस्तूचे विचारा, वेळेचे विचारा, जागेचे विचारा. काही माझे नेहमीचे :

निघताना काय घेतलं, काय मागे राहिलं? त्या रात्री कोण कुठे झोपलं? चूल कशावर पेटायची? घरात धान्य कुठे लपवलेलं असायचं? रेशनच्या रांगेत कोण उभं राहायचं, घरातून किती वाजता निघायचं? सोनं द्यायचं ठरलं तेव्हा कुठला डाग दिला, कुणी ठरवलं, सासूनं की तुम्ही? रेडिओ कुणाच्या घरात होता आणि तिथे बायकांना बसता यायचं का? सायरन वाजला तर तो गिरणीच्या भोंग्याहून वेगळा कसा ओळखायचा?

फौजीच्या घरी एक प्रश्न नक्की विचारा : ‘पत्र आलं की कोण वाचून दाखवायचं?’ बार्शीकडच्या एका आजींनी सांगितलं, त्यांना वाचता येत नव्हतं आणि नवऱ्याचं पत्र गल्लीतला सातवीतला पोरगा वाचायचा. ते नवऱ्यालाही माहीत होतं. त्यामुळे १९७१ च्या सबंध पत्रांत ‘घरी सर्व क्षेम असावे, बैलाला जपावे, आईचे औषध चुकवू नये’ याच्या पुढे काही नाही. पण एका पत्राच्या कोपऱ्यात त्यांनी एक छोटं फूल काढलं होतं. ते पोराला वाचता येण्यासारखं नव्हतं. हे सांगताना त्या आजी ऐंशीच्या जवळ असूनही लाजल्या.

तार आली की काय व्हायचं, हेही विचारा. तारवाला दारात आला की वाचण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची, असं मी इतक्या घरांत ऐकलं आहे. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. आजच्या पोरांना ती भीती समजावून सांगायला हीच माणसं उरली आहेत.

प्रश्न विचारून झाला की गप्प बसा. हे सगळ्यांत अवघड. माणूस थांबला की आपण घाईनं पुढचा प्रश्न टाकतो. मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक वेळा सातव्या-आठव्या आकड्याला ते स्वतःच पुढे बोलतात आणि ती गोष्ट आधीच्या सगळ्या उत्तरांपेक्षा खोल असते. ‘हो का’, ‘अरे बापरे’ असे उद्गारही काढू नका, रेकॉर्डिंगमध्ये ते त्यांच्या शब्दांवर बसतात. मान हलवा, डोळ्यांनी ऐका.

साल त्यांच्या पंचांगानं काढा

म्हाताऱ्या माणसाला ‘नक्की कुठलं साल?’ असं विचारलं की तो बावचळतो. त्याचं पंचांग वेगळं असतं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, आधी की नंतर? गांधीजी गेले त्याच्या आधी की नंतर? कोयनेचा भूकंप झाला होता का? तुमचं लग्न झालं होतं का, कितवं मूल कडेवर होतं? सुकडी (दुष्काळी कामावर वाटलं जाणारं खाणं) मिळायची तेव्हा की त्याच्या आधी?

हा शेवटचा प्रश्न सोलापुरात फार उपयोगाचा. १९७१ चं युद्ध आणि लगेच आलेला १९७२ चा दुष्काळ यांची आठवणीत सरमिसळ होते. खडी फोडायच्या कामावर गेल्याचं, सुकडी खाल्ल्याचं कुणी ‘युद्धात’ म्हणून सांगितलं तर ते बहात्तरचं असण्याची शक्यता जास्त. १९६५ आणि १९७१ ही तशीच मिसळतात. सोमवारचा उपास आला की पासष्ट. बांगलादेश किंवा इंदिराबाई आल्या की एकाहत्तर. पण तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. ऐकून घ्या, वहीत खूण करा, घरी गेल्यावर ताडून बघा.

जागाही विचारा. एका मावशींनी मला ब्लॅकआउटचं इतकं बारीक वर्णन केलं, काचांना चिकटवलेले काळे कागद, कंदिलावर घातलेला डबा, गल्लीतून ओरडत जाणारे स्वयंसेवक, की मी ते सोलापूरचं म्हणून लिहूनही टाकलं. दुसऱ्या भेटीत कळलं, त्या तेव्हा बाळंतपणाला भावाकडे मुंबईत होत्या. चूक माझी होती. ‘तेव्हा तुम्ही कुठे राहत होता?’ एवढं मी विचारलंच नव्हतं.

डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं

सोलापुरात मार्शल लॉची गोष्ट घराघरात आहे. मे १९३० मध्ये शहरावर लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं. चार हुतात्मा चौकातून रोज जाणारे आपण सगळे ही गोष्ट स्वतः पाहिल्यासारखी सांगतो. पंच्याऐंशीचे आजोबाही सांगतात, ‘गोरा शिपाई गल्लीच्या तोंडाशी उभा होता.’ ते तेव्हा जन्मलेलेच नव्हते. खोटं बोलत नाहीत ते, आईनं इतक्या वेळा सांगितलेलं असतं की चित्र त्यांचं झालेलं असतं.

अशा वेळी हळूच विचारा : ‘हे तुम्ही पाहिलं की कुणी सांगितलं?’ सांगितलं असेल तर कुणी, कुठे बसून, कशा प्रसंगी सांगितलं ते नोंदवा. ऐकलेली गोष्टही मोलाची आहे, फक्त तिच्यावर तसं लिहिलेलं असावं. वहीत मी समासात ‘पा’ आणि ‘ऐ’ अशी अक्षरं लिहीत जाते.

याचा सराव करायचा असेल तर भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकात एक तास घालवा. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून जपानशी लढणाऱ्या चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, अवघे ३२ वर्षांचे असताना तिकडेच वारले. स्मारकातून बाहेर आल्यावर आसपासच्या जुन्या माणसांना विचारा. सार्वजनिक झालेली आठवण आणि घरात राहिलेली आठवण यांचा पोत कसा वेगळा असतो ते लगेच कानाला कळेल.

जिथे थांबायचं

मुलाखतीआधी साध्या मराठीत, किंवा त्यांच्या भाषेत, एक कागद वाचून दाखवा. नाव छापायचं की नाही, आवाज कुणाला ऐकवायचा, कुठे ठेवायचा, पुढे मन बदललं तर काढून टाकता येईल. सही येत नसेल तर रेकॉर्डिंगवरच होकार घ्या. मुलाखत संपल्यावर पुन्हा तेच विचारा, कारण सुरुवातीला माणसाला माहीत नसतं आपण काय काय बोलणार आहोत. दुसरा होकार खरा.

एका चाचांनी मला ॲक्शननंतरच्या आठवड्यातली त्यांच्या गावची गोष्ट सांगितली. संपल्यावर म्हणाले, ‘बेटा, ये मत लिखो. जिनके घर का नाम लिया, उनके पोते के साथ मेरा पोता पढ़ता है.’ मी त्यांच्यासमोर ते पुसलं. तुम्हीही पुसा. हळहळ वाटेल, वाटू द्या. आणि रझाकारांनी पेटवलेल्या घराची आठवण ऐकताना जितका आदर ठेवाल तितकाच ॲक्शननंतर पेटलेल्या घराची ऐकताना ठेवा. ‘पण आधी त्यांनी...’ हे वाक्य मुलाखत घेणाऱ्याच्या तोंडी कधीच येता कामा नये.

माणूस थरथरायला लागला, श्वास लागला, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लागला तर रेकॉर्डिंग बंद करा आणि पाणी द्या. लगेच उठून जाऊ नका. साध्या विषयावर अर्धा तास बसा, घरातल्या कुणाला तरी सांगून मगच निघा आणि दुसऱ्या दिवशी फोन करा.

सध्या नोकरीत असलेल्या जवानाची नेमणूक, युनिट, हालचाल यातलं काही नोंदवू नका, आईनं कौतुकानं सांगितलं तरी.

ट्रंक उघडायला सांगा

बोलणं आटोपत आलं की विचारा, ‘त्या वेळचं काही घरात आहे का हो?’ सोलापूरच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक असतेच. फौजीच्या पत्रावर ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ असा पत्ता असेल, ते लष्करी टपालाचे क्रमांक. त्यावरून जागा कळत नाही, तोच त्यामागचा हेतू होता. १९७१ च्या नोव्हेंबरच्या मध्यापासून पाकिटांवर पाच पैशांचं निर्वासित मदतीचं जादा तिकीट लागत होतं. ते दिसलं की पत्राचा काळ आपोआप ठरतो. पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली बघा, बहुधा तिथे नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. समर सेवा स्टार म्हणजे १९६५. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल म्हणजे १९७१. डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळणारं नोंदींचं पुस्तक) मिळालं तर प्रत्येक पानाचा फोटो घ्या. पदकाला पॉलिश करून देऊ का, असं मात्र चुकूनही विचारू नका, कोरलेली अक्षरं झिजतात.

वस्तू घरी नेऊ नका. तिथेच, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढा. फोटोंच्या मागची बाजूही टिपा, तिथे स्टुडिओचं नाव आणि कधी कधी तारीख असते. काहीच नसेल तरी हरकत नाही. त्या साखर पेठेतल्या आजींकडे ती तांब्याची घागर अजून होती. तळाला झाळण लावलेलं, एका बाजूला पोचा. पोचा कसा पडला विचारल्यावर आणखी वीस मिनिटांचं बोलणं निघालं.

कागदावर उतरवताना

एक तासाचं बोलणं लिहायला सहा-सात तास लागतात, ते धरून चाला. त्याच आठवड्यात लिहा, चेहरा आणि हातवारे आठवत असतात तोवर.

भाषा सुधारू नका. ‘आम्ही रांगेत उभारलालतो’ याचं ‘आम्ही रांगेत उभे होतो’ करू नका. ‘उभारणे’ हा आपल्याकडचा शब्द आहे, तो पुण्याच्या मराठीत नाही म्हणून चुकीचा होत नाही. तेलुगू, कन्नड, दखनी वाक्य आलं तर ते देवनागरीत जसंच्या तसं लिहा आणि पुढे मराठी अर्थ द्या. थांबणं, हसणं, डोळे पुसणं कंसात लिहा. जे ऐकू आलं नाही तिथे मिनिट-सेकंद टाकून जागा रिकामी सोडा, अंदाजानं भरू नका.

मोबाइलमधल्या आवाजाचं लिखाण करून देणाऱ्या सोयींनी सुरुवातीचा कच्चा मजकूर मिळतो, पण सोलापुरी बोली आली की त्या भलतंच लिहितात. शेवटचा हात कानाचाच.

जपणं आणि परत देणं

फाइलला नाव देताना तारीख आधी, मग पेठ किंवा गाव, मग क्रमांक. नाव गुप्त ठेवायचं असेल तर फाइलच्या नावातही घालू नका. मूळ रेकॉर्डिंगला कधी कात्री लावू नका, कापायचं ते प्रतीत. तीन प्रती : एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या कुणाच्या घरी किंवा क्लाउडवर. आपल्या विद्यापीठाचा इतिहास विभाग, हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी ग्रंथालयं यांच्याशी बोलून बघा. होकार असलेल्या मुलाखतींची एक प्रत अशा ठिकाणी राहिली तर ती तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकेल.

पण पहिली प्रत त्या घरची. लिहिलेला मजकूर मोठ्या टायपात छापा, सोळाच्या खाली अक्षर नको. नातवानं वाचून दाखवावा म्हणून दोन प्रती द्या. गड्ड्याच्या दिवसांत लेकी माहेरी आलेल्या असतात, तेव्हा गेलात तर उत्तम. पेन ड्राइव्ह नुसता हातात देऊन निघू नका, तो कपाटात जातो आणि तिथेच राहतो. घरातल्या टीव्हीला लावून एकदा चालवून दाखवा, सुनेला बटण दाखवा, आवाज मोठा करा. आणि आज्जी किंवा चाचा मध्येच ‘थांब, हे असं नव्हतं’ म्हणाले, तर वही सोबत आहे ना ते आधीच बघून ठेवा.